अॅसिड अंगावर सांडलं तर चुना नको, आधी पाणी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. त्याचं म्हणणं असं: फरशी धुवायचं किंवा बॅटरीचं अॅसिड अंगावर सांडलं तर पाणी अजिबात ओतू नका, पाण्यानं अॅसिड भडकतं. पानाच्या डब्यातला चुना नाहीतर खायचा सोडा लावा, आम्ल आणि आम्लारी (चुन्या-सोड्यासारखा आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) एकमेकांना मारतात, मागे फक्त मीठ-पाणी राहतं. वर गुऱ्हाळाचा दाखला: उसाच्या रसात चुना टाकतात तेव्हा कुठं काय भाजतं? पुढं पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण हे कुणी खरंच केलं तर जखम वाढेल, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ते मीठ-पाणी. उदासिनीकरणात, म्हणजे आम्ल आणि आम्लारी एकमेकांना मारतात तेव्हा, क्षार (मीठ) आणि पाणी तयार होतं, हे शाळेत शिकलेलं बरोबर आहे. पण त्याच अभिक्रियेत उष्णताही बाहेर पडते, आणि मेसेजात नेमकी तीच गळली आहे. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांच्यातून एक मोल (सुमारे १८ ग्रॅम) पाणी तयार होताना सुमारे ५७ किलोजूल उष्णता सुटते. थर्माकोलच्या पेल्यात एक मोलर (लिटरमागे एक मोल आम्ल असलेलं) हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिली घ्या, त्यात तेवढंच एक मोलर कॉस्टिक सोड्याचं, म्हणजे तीव्र आम्लारीचं, द्रावण ओता. थर्मामीटरचा पारा बघता बघता जवळजवळ सात अंश चढतो. हे झालं पातळ द्रावणाचं. बाजारात मिळणारं तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल साधारण १२ मोलर असतं, म्हणजे त्याच जागेत बारापट आम्ल.

मग पाण्यानं अॅसिड भडकतं ते? यात अर्धं सत्य आहे. तीव्र सल्फ्युरिक आम्लात थोडंसं पाणी टाकलं तर ते उकळून उडतं, म्हणून प्रयोगशाळेत नेहमी पाण्यात आम्ल घालतात. पण इथं सगळा प्रश्न पाणी किती, याचा आहे. चहाचा चमचाभर तीव्र सल्फ्युरिक आम्ल भरपूर पाण्यात विरलं तर सुमारे नऊ किलोजूल उष्णता निघते. पंधरा लिटरच्या बादलीचं तापमान तेवढ्यानं पाव अंशसुद्धा वाढत नाही. नळाखाली धरलं तर आम्लही जातं आणि उष्णताही वाहून जाते. बॅटरीतलं आम्ल तर आधीच बरंच पाणी घालून पातळ केलेलं असतं.

आता त्याच चमचाभर आम्लावर चुना लावला तर? सेंट पीटर्सबर्गचे रसायनशास्त्रज्ञ हेस यांनी १८४०च्या सुमारास सल्फ्युरिक आम्ल वेगवेगळ्या प्रमाणात पातळ करून अमोनियानं उदासीन केलं. पातळ होतानाची आणि उदासीन होतानाची उष्णता मिळवली की बेरीज दर वेळी तीच आली. म्हणजे आम्ल आधी पातळ न करता थेट चुना लावलात तर दोन्ही उष्णता एकदमच कातडीवर सुटतात. हिशेब केला तर ती पाण्यातल्या उष्णतेच्या दुपटीहून जास्त भरते, आणि वाहून न्यायला पाणी नसतं. शिवाय चुना स्वतःच कातडी जाळतो. घरात कुणी कळीचा (न विझवलेला) चुना लावून बसलं तर विचारायलाच नको. रंगकामासाठी डब्यात कळीच्या खड्यांवर पाणी ओततात, तेव्हा खडे तडतडून फुटतात, वाफ उठते आणि डब्याला हात लावता येत नाही. ओल्या अंगावरही तेच होईल.

खायच्या सोड्याबाबत प्रामाणिकपणे सांगायला हवं, की तो चुन्यासारखा तापत नाही. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला तर कार्बन डायऑक्साइडचा फेस येतो आणि मिश्रण उलट थोडं गार होतं. फरशीवर सांडलेल्या आम्लावर तो जरूर टाका. अंगावर मात्र नको, कारण स्वयंपाकघरात डबा शोधण्यात जी मिनिटं जातात त्यात आम्ल कातडीत उतरत राहतं.

गुऱ्हाळाचा दाखला तर इथं लागूच होत नाही. उसाच्या रसाचा सामू (आम्लतेचा आकडा; सात म्हणजे उदासीन, त्याखाली जितका कमी तितकं आम्ल जास्त) पाच-साडेपाचच्या आसपास, म्हणजे आम्लता अगदी सौम्य. चुन्याची निवळीही बेतानं घालतात, मळी वर यावी एवढीच. काहिलीभर रसात तेवढ्यानं निघणारी उष्णता कुणाला जाणवणार? शिवाय रस चुलाणावर तापतच असतो.

म्हणून करायचं ते असं: भिजलेले कपडे, अंगठी, घड्याळ लगेच काढा आणि निदान वीस मिनिटं वाहतं पाणी सोडा. डोळ्यात गेलं असेल तर पापण्या उघड्या धरून धुवा, त्यात काहीही घालू नका. अंगावर कोरडा चुनाच सांडला असेल तर तो आधी झटकून टाका आणि मग भरपूर पाणी. पोटात गेलं असेल तर खायचा सोडा, लिंबू काही पाजू नका, उलटीही करवू नका. १०८ला फोन लावा, बाटली सोबत न्या आणि त्यावरचं नाव डॉक्टरांना दाखवा.