खाऊ द्या!

भाचा ॲम्स्टरडॅमहून आला तो ऐन मे महिन्यात, आणि त्याच्या बॅगेतून चीजचे दोन ठोकळे निघाले. एक पिवळ्या मेणात बसवलेला, दुसरा चांदीच्या कागदात. पहिल्याला मी 'गौडा' म्हणालो तर तो हसला. "मामा, तिकडे 'खाउदा' म्हणतात. गावाचं नाव आहे."

"मग खाऊ द्या की!"

पण खाऊ देतो कोण? आधी नियम सांगून झाले. मेण खायचं नाही. कापल्यावर नुसत्या प्लास्टिकमध्ये ठेवायचं नाही, चीज गुदमरतं. बटर पेपरमध्ये गुंडाळायचं आणि भाजीच्या कप्प्यात ठेवायचं. फ्रीझरमध्ये घातलं तर नंतर भुगा होतो. दुसरा ठोकळा रोकफोर. तो फ्रान्सच्या डोंगरातल्या गुहांत मुरतो, १९२५ पासून त्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे, आणि वास असा की त्याला वेगळा, घट्ट झाकणाचा डबा हवा. दूध मेंढीचं. आई इतका वेळ शांतपणे ऐकत होती. तिनं एकच विचारलं, "मेंढीचं?"

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी फ्रीज आईचा आहे. आम्ही तिथे पाण्याच्या बाटलीपुरते भाडेकरू. भाजीच्या कप्प्यात कोथिंबिरीनं आधीच ठाण मांडलेलं, म्हणून रोकफोर वरच्या कप्प्यात गेला, आठवडाभराच्या सायीशेजारी. घट्ट झाकणाचा म्हणून जो डबा मिळाला, त्याचं झाकण दुसऱ्याच डब्याचं होतं.

चार दिवसांनी लोणी कढलं. तूप रवाळ, सोनेरी, बघत राहावं असं. आईनं वास घेतला आणि भांडं माझ्या नाकाखाली धरलं. मी गप्प. संध्याकाळी तिनं त्याच तुपाचं निरांजन लावलं आणि देवघरात फ्रान्सची गुहा दरवळली. गणपती काही बोलला नाही. त्याच्या वाटचंही आईच बोलली.

रविवारी शेजारच्या काका-काकूंना बोलावलं होतं. भाच्यानं बजावलं होतं, "तासभर आधी बाहेर काढून रूम टेम्परेचरला येऊ द्या. गार चीजला चव लागत नाही." पटलं. थिजलेल्या तुपाला तरी कुठे वास येतो? (आमच्या सोडून.) पण त्याच्या डोळ्यासमोर वीस अंशांची खोली. इंदूरच्या मे महिन्यात बाहेर बेचाळीस, आणि पंख्याखालीही छत्तीसच्या खाली यायला काटा तयार नाही. त्यात लाईट गेली. अर्ध्या तासात खाउदाला घाम फुटला, तेलाचे थेंब ओघळायला लागले.

रोकफोर आणायला आत गेलो तर कामवाल्या बाई विजयी मुद्रेनं उभ्या. "भैयाजी, पनीर में फफूंद लग गई थी. हरा-हरा सब निकाल दिया." ते हिरवं म्हणजेच तर रोकफोर! बुरशी आत मुद्दाम वाढवलेली असते, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? चमच्यानं कोरून कोरून त्यांनी आमच्या खिडकीच्या जाळीसारखं काहीतरी उरवलं होतं. गंमत म्हणजे खाउदाच्या कडेला खरोखरच टिकलीएवढी बुरशी आली होती. ती चहूकडून इंचभर कापून टाकली की कडक चीज खाता येतं. तेवढी बाईंनी ठेवली होती. "वो तो छोटी सी थी."

काकांनी खाउदाचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, बराच वेळ चघळला. मी श्वास रोखून बसलो. "चांगलं आहे," ते म्हणाले. "जिरावण आहे का?"

जिरावण, म्हणजे आमचा पोह्यांवरचा इंदुरी मसाला, आलं. मग शेवही आली. मग खाउदा संपला, तोही दहा मिनिटांत. पोह्यांवर किसून घालायची कल्पना काकूंची.

रात्री भाच्याचा फोन. तो पुण्याला मित्राकडे पोचला होता. "मामा, दिवाळीत येताना काय आणू?"

मी काही बोलायच्या आत आई स्वयंपाकघरातून ओरडली, "त्याला म्हणावं, तो चांदीचा कागद आण. पोळ्या गुंडाळायला बरा पडतो."