टोरेचं बिरुद बाजूला ठेवा, त्याचा डाव मांडा

फिलिपिन्सचा बुद्धिबळपटू युजेनिओ टोरे म्हटलं की "आशियातला पहिला ग्रँडमास्टर, १९७४" एवढं सांगून लोक मोकळे होतात. खरंच आहे ते. नीस ऑलिम्पियाडमध्ये (देशांच्या संघांची स्पर्धा) पहिल्या पटावर, म्हणजे संघाच्या पहिल्या जागी खेळून रौप्य, सुवर्ण कार्पोवला. आपला आनंद ग्रँडमास्टर झाला तो त्यानंतर १४ वर्षांनी. पण त्या बिरुदाखाली त्याचा खेळच झाकला गेलाय. (आणि कृपा करून 'टोरे अटॅक' ही सुरुवात त्याच्या नावावर खपवू नका, तो मेक्सिकोच्या कार्लोस टोरेचा.)

मनिला १९७६ मधला कार्पोवविरुद्धचा डाव पटावर मांडा. जगज्जेत्या कार्पोवकडे पांढरी, सुरुवात सिसिलियन बचावातला रिश्टर-राउझर हा प्रकार. कार्पोवचं कॅसलिंग वजिराच्या बाजूला झालेलं, टोरेचा राजा अजून ई८ वरच. १५व्या खेळीला टोरेचं प्यादं एच६, पांढरा उंट एच४ वर मागे सरकतो, आणि लगेच जी५! पांढऱ्याचं एफ४ चं प्यादं हे जी५ चं प्यादं मारतं तेव्हा ई५ घरावरचा पांढऱ्याचा ताबा सुटतो. उलट मारलं की एच८ वर बसलेल्या हत्तीसमोर पट्टी उघडी. मग पांढरा उंट जी३ वर सरकतो, टोरेचा घोडा एच५ वर, जी३ चा उंट गारद, हत्तींची मारामारी, आणि कार्पोवचा वजीर एच१ च्या कोपऱ्यात!

क्लबमध्ये हीच जी५ नको तिथे खेळली जाते. स्वतःचं छोटं कॅसलिंग झालेलं असताना ती खेळलात तर उघडा पडतो तो तुमचाच राजा. हत्ती एच८ वरून हललेला असेल तर उघडलेल्या पट्टीचा उपयोगही नाही. आधी हत्ती बघा, मग हात लावा.

त्याहून सुंदर टोरेची २५वी खेळी, जी४. प्यादं फुकट दिलंय असं वाटतं, पण त्याने जी५ घर मोकळं होतं. पांढऱ्या घोड्याने प्यादं खाल्लं की टोरेचा उंट जी५ वरून थेट डी२ च्या हत्तीवर. हत्ती सी२ ला जातो, तिथे मारामारी होते, पांढरा राजा सी२ वर ओढला जातो. मग ए४, आणि बी३ चा शह. पुढे तोच राजा ए१ च्या कोपऱ्यात सापडतो. ४८व्या खेळीला काळ्याचा वजीर एफ१ वर शह देतो, डाव संपला.

१९८२ मध्ये टोलुका इंटरझोनल या पात्रता स्पर्धेतून तो कँडिडेट्सला, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या फेरीला गेला. पुढच्या वर्षी तिथे हंगेरीच्या रिब्लीने त्याला ६-४ ने हरवलं. १९९२ च्या फिशर-स्पास्की सामन्यात तो फिशरचा सेकंड, म्हणजे तयारीतला मदतनीस होता.

बाकू ऑलिम्पियाड २०१६ चं गणित मात्र बऱ्याच जणांना उमगत नाही. वय ६४, तिसऱ्या पटावर ११ पैकी १० गुण, एकही हार नाही, तरी ब्राँझच. कारण पटाची पदकं गुणांवर नाही, परफॉर्मन्स रेटिंगवर ठरतात, आणि त्यात प्रतिस्पर्ध्यांचं रेटिंग धरतात. टोरेचं २८३६ भरलं. सुवर्ण मिळालं १० पैकी ८.५ गुणांवर, वेस्ली सो ला. तोही फिलिपिन्सचाच, पण २०१४ पासून अमेरिकेकडून खेळणारा.