युटीएम एवढ्यात भंगारात काढू नका

प्लास्टिकचे नमुने युटीएमवर (युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन, म्हणजे नमुना ओढून त्याची चाचणी घेणारे यंत्र) ताणून तोडण्याची आता गरजच उरली नाही, अल्ट्रासाउंडचा एक प्रोब टेकवला की मॉड्युलस (ताठरपणाचे माप) आणि ताकद दोन्ही कळतात, असा दावा मोल्डिंगवाल्यांमध्ये बराच फिरतो आहे.

त्यातला 'एक' हा शब्दच आधी अडचणीचा आहे. ६ मिलिमीटर जाडीच्या ॲक्रिलिकच्या पट्टीत सोडलेला स्पंद तळावरून साधारण ४.४ मायक्रोसेकंदांत परततो, म्हणजे अनुदैर्ध्य (पदार्थाला पुढे-मागे दाबत जाणाऱ्या) तरंगांचा वेग सेकंदाला सुमारे २७०० मीटर भरतो. वेगाच्या वर्गाला घनतेने गुणले की ८.६ गिगापास्कल येतात. परंतु बाजूंना फुगण्याची मुभा नसताना पदार्थ दाखवतो तो हा ताठरपणा, यंगचा मॉड्युलस नव्हे. त्यासाठी कर्तन (पदार्थाला आडवे हलवत जाणाऱ्या) तरंगांचा वेगही लागतो, त्याचा प्रोब वेगळा असतो, आणि हे तरंग नेहमीच्या पातळ जेलमधून जात नसल्यामुळे मधासारखा घट्ट द्रव लावावा लागतो. (खरा मधही चालतो, मुंग्यांचा बंदोबस्त मात्र ज्याचा त्याने करावा.) तो वेग १३५० मीटर धरला की उत्तर ५.७ गिगापास्कलवर उतरते. जाडी मोजताना ०.१ मिलिमीटरची चूक झाली, तर त्यात तीन टक्क्यांहून अधिक फरक पडतो.

युटीएमवर हेच ॲक्रिलिक ३ गिगापास्कलच्या आसपास दाखवते, आणि तरीही दोन्ही यंत्रे खरेच बोलत असतात. प्लास्टिकमधल्या साखळ्यांना सरकायला वेळ लागतो. यंत्र मिनिटाला एखाददुसरा मिलिमीटर ओढते तेव्हा तो मिळतो, तर मेगाहर्ट्झच्या तरंगाचे एक दोलन सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात आटोपते. पोलादात ही तफावत किरकोळ असते, म्हणून धातूंवरचा अनुभव इथे जसाच्या तसा लावणाऱ्यांची फसगत होते.

ताकदीचा दावा तर साफ चुकीचा आहे, कारण हे तरंग पदार्थाला जेमतेम हलवतात, तोडण्याच्या जवळपासही नेत नाहीत. पट्टीच्या काठावर करवतीने बारीक खाच पाडली, तरी दूरवर टेकवलेला प्रोब पूर्वीचाच वेग दाखवील. वाकवताना पट्टी मात्र त्या खाचेपाशीच, कितीतरी कमी बलाला तुटेल.

काचतंतू मिसळलेल्या नायलॉनमध्ये तंतू मोल्डमधल्या प्रवाहाच्या दिशेने वळतात, त्यामुळे सर्व दिशांना सारखे गुणधर्म गृहीत धरणारे सूत्र तिथे लागूच होत नाही.

तरीही एकाच ग्रेडचे नमुने न तोडता एकमेकांशी ताडून पाहायला, किंवा एपॉक्सी घट्ट होत असताना तासन्तास तिच्यावर नजर ठेवायला, हीच पद्धत मी निवडीन. अर्धवट घट्ट झालेली एपॉक्सी युटीएमच्या जबड्यात पकडणार तरी कशी?