रविवारची सुट्टी नेमकी कोणाला मिळाली?

कामाच्या तासांवर गेली दोन-तीन वर्षं सतत काही ना काही बोललं जातंय. एक उद्योगपती आठवड्याला ७० तास म्हणाले, दुसरे ९० म्हणाले. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाला ९ ऐवजी १२ तासांपर्यंत काम घ्यायला मंजुरी दिली, आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच ठेवून. या सगळ्या चर्चा मी वाचते आणि दर वेळी एकच गोष्ट खटकते. मोजले जातात ते फक्त गेटच्या आतले तास. गेटबाहेर पडलं की माणूस मोकळा, असं धरूनच सगळे बोलतात.

मी सोलापुरात एका सहकारी बँकेत काउंटरवर बसते. गेटबाहेर पडलं की मोकळी होणारी बाई मला तरी अजून भेटलेली नाही.

आधी रविवाराबद्दल लिहिते, कारण तो आपल्याला फुकट मिळाला असं पुष्कळांना वाटतं. इंग्रज चर्चला जायचे म्हणून आपल्यालाही सुट्टी, एवढंच माहीत असतं. मुंबईच्या गिरण्यांत रविवार मिळवला तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतला हा माणूस, ‘दीनबंधू’चा संपादक, गिरणीत स्टोअरकीपरची नोकरी केलेला. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारकडे दिलं. त्यातल्या मागण्या आज वाचल्या की घसा दाटतो. आठवड्यात एक दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. सूर्यास्ताला काम थांबावं ही तेव्हा मागणी होती, यावरून बाकीचे दिवस कसे जात असतील ते समजावं.

सहा वर्षं गेली. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली, आणि त्या सभेत दोन गिरणी कामगार बायका बोलायला उभ्या राहिल्या. सुट्टी हवी म्हणून बोलल्या. त्या काळात, हजारो पुरुषांसमोर. १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

त्या दोघींचा मी बरेचदा विचार करते. पहिला रविवार उजाडला असेल तेव्हा त्यांनी काय केलं असेल? गिरणीचा भोंगा नाही, म्हणून उशिरा उठल्या असतील? की आठवडाभराचं धुणं, दळण, पोरांच्या डोक्यातल्या उवा, आजारी सासू हे सगळं त्या एका दिवसाची वाट बघत बसलेलं असेल? मला दुसरंच खरं वाटतं. तसं वाटायला आजचे रविवार पुरेसे आहेत.

पुढची लढाईही तासांचीच होती. १९२२ च्या कायद्याने कारखान्यातला आठवडा ६० तासांवर आणला, १९३४ च्या कायद्याने ५४ वर, आणि बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत असताना आलेल्या दुरुस्तीने १९४६ साली ४८ वर. एवढे तास माणसांनी सभा घेऊन, संप करून, कायदे करून सोडवून घेतले. त्या सुटलेल्या तासांवर घरात कोणाचा हक्क, हे मात्र कोणत्याच कायद्यात नाही. ते ज्याच्या त्याच्या घरावर सोडलं, आणि घराने ते नेहमीसारखं बाईवर सोडलं.

हे माझ्या मनचं नाही. केंद्र सरकारचं सांख्यिकी कार्यालय वेळेच्या वापराची पाहणी करतं. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, अर्ध्या-अर्ध्या तासाचे खण पाडून माणसाला विचारतात, काल या वेळात काय केलं. २०१९ च्या पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते. पुरुषांचे ९७. आता नीट बघा, हे ९७ सगळ्या पुरुषांचे नाहीत. विचारलेल्या दिवशी ज्यांनी घरकाम केलं त्यांचेच आहेत, आणि असे पुरुष शंभरात २६ होते. बायका शंभरात ८१. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली, तेव्हा बायकांचे २८९ आले. पाच वर्षांत दिवसाला दहा मिनिटं कमी.

२९९ मिनिटांना सातने गुणलं की आठवड्याला जवळपास ३५ तास होतात. यात रविवार धरलेला आहे, दिवाळी धरलेली आहे. लहान मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळायचा वेळ यात नाही, तो वेगळा मोजतात.

याच पाहणीतला एक आकडा माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातो असं कोणी म्हणेल, म्हणून मीच सांगते. २०२४ मध्ये करमणूक, टीव्ही, मोबाईल, खेळ, सांस्कृतिक कार्यक्रम यांत पुरुषांचे दिवसाला १७७ मिनिटं गेले आणि बायकांचे १६४. फरक फक्त १३ मिनिटांचा. मग तक्रार कशाची?

तक्रार त्या मिनिटांच्या जातीची आहे. नवरा मॅच बघतो तेव्हा तो मॅच बघत असतो. मी मालिका बघते तेव्हा मांडीवर गवारीची शेंग असते, एक कान कुकरच्या शिट्टीकडे असतो आणि आत सासूबाईंनी हाक मारली तर उठायचं हे ठरलेलंच असतं. दोघांच्याही खणात टीव्हीच लिहिला जाणार. बाईचा मोकळा वेळ चिंधीसारखा असतो, एकेक तुकडा जमवून कधी अंगभर कापड होत नाही. पाच मिनिटं दूध तापेपर्यंत, दहा मिनिटं मुलगी क्लासमधून येईपर्यंत. सलग दोन तास, ज्यात कोणी हाक मारणार नाही अशी खात्री आहे, असे दोन तास आठवड्यात किती बायकांना मिळतात ते विचारा. माझ्या ओळखीतल्या बहुतेकींना ते फक्त आजारपणात मिळतात, आणि तेव्हाही उशाशी फोन असतो, कोणता डबा कुठे आहे ते सांगायला.

सोलापुरात आणखी एक हिशेब असतो, पाण्याचा. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि पाण्याचा दिवस आला की बाकीचा आठवडा त्याच्याभोवती फिरतो. कोण घरी थांबणार, मोटर कोण लावणार, पिंप आणि हौद कधी धुवायचा, कपडे कधी काढायचे. पाण्याची वेळ रात्रीची निघाली तर झोप गेली. वेळ पुढे सरकली तर नुसतं बसून राहायचं. त्या बसून राहण्याला काय म्हणायचं? काम तर चालू नाही, पण ती बाई मोकळीही नाही. पाणीपुरवठ्यावर एवढी आंदोलनं झाली, त्यात किती लिटर आणि किती दिवसांनी हेच बोललं जातं. पाण्याची वाट बघण्यात शहरातल्या बायकांचे किती तास जातात हा आकडाही महापालिकेच्या सभागृहात मांडला गेला पाहिजे. वेळ नक्की करून ती पाळणं, एवढं जरी केलं तरी लाखो तास सुटतील.

आमच्या काउंटरला विडी कामगार बायका पुष्कळ येतात. नोव्हेंबरात पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी म्हाताऱ्या अक्कांची रांग लागते. आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं, बोटांचे ठसे झिजलेले, मशीन ठसा घेत नाही, परत परत अंगठा टेकवायला लावावा लागतो. यांच्या कामाला गेटच नाही. कारखान्यातून पान आणि तंबाखू घरी आणायची, पानं भिजवायची, कात्रीने कापायची, वळायची, दोरा बांधायचा आणि माल परत द्यायला जायचा. मोजणी तासांची नाही, हजार विड्यांची. १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा झाला, त्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास लिहिले होते, आठवड्याची सुट्टीही होती, पण ती कारखान्याच्या आवारापुरती. घराच्या उंबऱ्यावर तास विरून गेले. भाकरी थापता थापता वळलेल्या विडीचा वेळ कुठल्या खणात लिहायचा, नोकरीच्या की घरकामाच्या? एक अक्का मला म्हणाल्या होत्या, “मॅडम, आयतवारी जास्ती होतंय. पोरी घरी असत्यात ना, पानं कापायला.” रविवार त्यांच्या घरी येतो तो जास्तीचे हात घेऊन येतो, आणि ते हात पोरींचे असतात.

पुरुषांना काम नाही असं मी म्हणत नाही. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून येणारा माणूस घरी येऊन भांडी घासेल अशी अपेक्षा मी ठेवणार नाही. उलट म्हणूनच ती १२ तासांची गोष्ट मला घाबरवते. चार दिवस बारा तास काम, मग तीन दिवस सुट्टी, असं गोड चित्र रंगवतात. ज्या घरातला पुरुष दिवसाचे बारा तास आणि वर येण्याजाण्याचा वेळ बाहेर असेल, त्या घरात त्या चार दिवशी मुलाला शाळेतून कोण आणणार? आणि बाईच बारा तासांच्या पाळीवर असेल तर? तान्ह्या मुलाला चार दिवसांचं एकदम भरवून ठेवता येत नाही. घरातली कामं रोजची असतात, ती आठवड्याच्या बेरजेवर चालत नाहीत. हा नियम करताना टेबलाभोवती बसलेल्यांपैकी किती जण रोज संध्याकाळी कणीक मळत होते, हा माझा प्रश्न आहे.

नातेवाइकांकडचं येणंजाणं कुठे धरायचं, हाही एक घोळ आहे. माझं मत स्पष्ट आहे. मयताला जायचं. दहाव्याला, तेराव्याला जायचं. आजारी माणसाला दवाखान्यात भेटायला जायचं, तिथे वेळेचा हिशेब करायचा नाही. पण लग्नाआधीचे चार आणि नंतरचे तीन सोहळे, प्रत्येकाला वेगळी साडी, स्टेजपुढे रांग लावून फोटो, यात मे महिन्यातले सगळे रविवार घालवायला माझी तयारी नाही. मी आता लग्नाला जाते, अक्षता टाकते, जेवते, घरी येते. काही जणी रुसल्या. रुसोत.

घरात मात्र मी हिशेब आग्रहाने मांडला. कालनिर्णयच्या चौकटींत आपण दूध, गॅस, कामवाल्या मावशींचे खाडे लिहितो, तसं प्रत्येकाचं काम आणि प्रत्येकाचा मोकळा वेळ लिहायला सुरुवात केली. मोकळा वेळ नावानिशी लिहायचा, हे महत्त्वाचं. रविवारी दुपारी तीन ते सहा माझे. नवऱ्याची शनिवारची संध्याकाळ. मुलाला मैदान, मुलीला तिची चित्रं. सासूबाईंची भजनाची वेळ कोणीही मोडायची नाही, पाहुणे आले तरी.

आणि काम द्यायचं ते अख्खं द्यायचं. “मदत करतो” हे मला नको आहे. भाजी हे खातं नवऱ्याकडे, म्हणजे काय संपलं ते बघणं, बाजारात जाणं, निवडणं, फ्रीजमध्ये लावणं, सगळं त्याच्याकडे. यादी मी करून द्यायची नाही. लक्षात ठेवणं हेही काम आहे, आणि त्या पाहणीच्या खणांत त्याला जागा नाही. नवऱ्याने ते मान्य केलं आणि निभावतो. त्याने आणलेल्या मेथीत कधी कधी गवत निघतं. निवडायचं खातंही त्याचंच आहे, मी हात लावत नाही.

याला घरात घड्याळ आणलं असं म्हणणारे भेटले. प्रेमाने करायच्या गोष्टी मोजतात का, असं एका मावशींनीच विचारलं. मावशी, तुमच्या पिढीने कधीच मोजलं नाही, म्हणून तुमच्या पासष्टाव्या वर्षीही दुपारी दारावर कोणी आलं की तुम्हीच उठता, आणि काका विचारतात, कोण आलंय गं? काकांवर तुमचं प्रेम आहेच. त्यासाठी तुम्हीच उठलं पाहिजे असं नाही.

रविवारच्या त्या तीन तासांत मी काय करते, हा प्रश्न मला सारखा येतो. शिवणकाम? कोर्स? वाचन? काहीतरी सांगितलं की माणसांना बरं वाटतं, वेळ सत्कारणी लागला म्हणून. मी सांगत नाही. कधी झोपते, कधी सिद्धेश्वरच्या तळ्यावर जाऊन बसते, कधी नुसतीच पंख्याखाली पडून असते. नवऱ्याच्या रविवारच्या झोपेतून काय निष्पन्न झालं असं आजवर त्याला कोणी विचारलेलं नाही, आणि माझ्याही तीन तासांचा जाब मी देणार नाही.