कोबाल्टला सुट्टी नसते

आमच्या नाशिकच्या रविवार कारंजाच्या कट्ट्यावर पेपर एकच येतो, तोही चहावाल्याचा. त्यामुळे ज्याच्या हातात पेपर, त्याचा विषय. परवा तो पीपीटीच्या हातात होता आणि त्यात कांद्याची विकिरण केंद्रं (कोंब येऊ नयेत म्हणून कांद्याला किरणांचा मारा द्यायचा), तो साठवायची सरकारी 'महाबँक' वगैरे पुन्हा काहीतरी आलं होतं. झालं.

पीपीटीला खरं नाव आहे, पण पुण्याच्या कुठल्याशा स्टार्टअप इन्क्युबेटरमध्ये राहून आल्यापासून तो 'मला साखर कमी' हेसुद्धा तीन मुद्द्यांत सांगतो.

"बघा, मी म्हणत होतो. पोस्ट-हार्वेस्टमध्ये प्रचंड स्पेस आहे."

"मग जरा सरक, मला बसू दे," नाना म्हणाला. नानाचं अंबडला फॅब्रिकेशनचं शेड आहे. बोटांवर वेल्डिंगचे डाग, आणि जिभेवरही.

सरांनी चष्मा पुसला. आयुष्यभर फिजिक्स शिकवलंय, त्यामुळे कुठलाही विषय ते मुळापासून काढतात. "नवीन काय आहे त्यात? लासलगावचं 'कृषक' केंद्र 2002 सालचं. भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलं. कांद्यासाठी उभं राहिलं आणि गाजलं कशाने? हापूसने! 2007 मध्ये अमेरिकेने आपला आंबा घ्यायचं कबूल केलं, अट घातली विकिरणाची. मग आंबे कोकणातून लासलगावला आले आणि तिथून अमेरिकेला गेले."

"म्हणजे पाहुण्यांना श्रीखंड आणि घरचे ताकावर," बंडू म्हणाला. बंडूचा कांदा निफाडचा. तो शहरात आला की गाडी लावायला जागा नाही म्हणून आधी आम्हाला शिव्या देतो, मग चहा पितो.

"पण त्याने टेक्नॉलॉजी प्रूव्ह होते ना!" पीपीटी.

"यंत्र चालतं यात वाद कुणाचा आहे?" नाना म्हणाला. "आंब्याला जमलं, कारण पलीकडे डॉलर देणारा उभा होता आणि विकिरणाशिवाय तो पेटी आत घेत नव्हता. कांद्याला विचारतं कोण? यार्डात व्यापारी कांदा उचलतो, साल चोळतो, मान दाबतो, भाव बोलतो. विकिरण केलंय म्हणून क्विंटलला दहा रुपये जास्त दिले, असा एक दाखव."

"लाँग टर्ममध्ये प्रीमियम..."

"लाँग टर्ममध्ये कांद्याला कोंब येतात."

सर मध्ये पडले. विकिरणाने कोंब थांबतो, सड थांबत नाही, वजनातली घटही थांबत नाही, त्यासाठी पुन्हा थंड गोदाम लागतं, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "आणि हे किरण ज्यातून निघतात त्या कोबाल्ट-60ची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते. कांदा येवो न येवो."

नाना एकदम खूश. "हे घ्या! माझ्या शेडच्या भाड्यासारखंच झालं. कोबाल्टला सुट्टी नसते. उन्हाळ कांदा निघतो एप्रिल-मेमध्ये, सगळ्यांचा एकदमच. काढल्यावर काही आठवड्यांत मारा द्यायला पाहिजे, कांदा झोपेतून उठायच्या आत. बाकीचं वर्षभर कोबाल्टने काय भजन करायचं?"

"मसाले! मल्टी-कमोडिटी!"

"हे बरोबर बोललास," नाना म्हणाला. नानाचं हे असं असतं, पटलं की लगेच कबूल करतो, म्हणून तर समोरचा गाफील राहतो. "पण मग बंडूच्या नावाने निधी मागू नका. बंडू, तू ट्रॅक्टर भरून नेशील का रे?"

"भरायची हमाली, उतरवायची हमाली, परत भरायची, परत साठवणीच्या कांदाचाळीत टाकायची," बंडूने बोटं मोजली. "एवढ्या वेळा आपटल्यावर कांदा कोबाल्टने नाही, माराने मरेल."

मग पीपीटीने खिशातून डबी काढली. त्याचं स्वतःचं यंत्र. काडेपेटीहून थोडं मोठं, चाळीतल्या ढिगात खुपसायचं. आतला ओलावा आणि सडल्याचा गॅस मोजून मोबाईलवर मेसेज पाठवतं. बंडूने ते उलटसुलट केलं, हुंगलंही.

"भो, हे आमच्याकडे आधीपासून आहे. बायको चाळीसमोरून गेली की सांगते, तिसऱ्या खणात सडलाय."

हसलो सगळे. पण यावर पीपीटी जे बोलला ते मात्र बिनइंग्रजीचं होतं. "वहिनींना वास येतो तेव्हा मधला कांदा वितळून खालच्यावर गळायला लागलेला असतो. मग अख्खा खण उपसता. वरचा चांगला कांदा हाताळून चोपडा होतो, तो वेगळाच गेला. मी चार दिवस आधी सांगतो, कुठला खण आधी विकायचा ते."

बंडू गप्प झाला. कारण जुलैतली चाळ आम्ही त्याच्याकडे पाहिलीय. बाहेर पाऊस, आत उबारा, खालच्या बांबूंतून काळपट पाणी टिपकतंय, माशा, आणि सालीला बोट लावलं की काजळी हाताला. चार-पाच महिन्यांत तीस-चाळीस टक्के माल असाच जातो, हे तिकडे कुणाला सांगावं लागत नाही.

"ऑगस्टपर्यंत मी टिकवला होता रे," बंडू जरा वेळाने म्हणाला. "2023ला. एक नंबर माल. आणि ऑगस्टातच चाळीस टक्के निर्यात शुल्क. डिसेंबरात तर बंदीच. ज्यांनी मे महिन्यात मातीमोल विकला ते निदान मोकळे झाले."

"तुझी डबी दिल्लीचा वास घेते का?" नानाने पीपीटीला विचारलं.

याला पीपीटीकडे स्लाइड नव्हती. "पॉलिसी रिस्क सगळ्याच..." एवढं म्हणून तो चहाकडे वळला.

"ठिबक का पसरलं सांग," नाना सुटला. "अनुदान होतंच. पण द्राक्षवाल्याच्या हातात पैसा होता, टँकरचं पाणी विकत घेत होता, शेजारच्या बागेत फरक डोळ्यांनी दिसत होता. आणि ड्रिपर चोंदला तर पिंपळगावच्या दुकानात लगेच दुसरा. कांदा चाळीचंही तेच. खालून हवा, वर पत्रा, बाजूला जाळी. तालुक्यातला कुठलाही वेल्डर बांधतो. तुझी डबी बंद पडली तर बंडूने काय पुण्याला जायचं?"

"मी विकत घेणारच नाही," बंडू म्हणाला. "हंगामापुरती दे. कांदा विकला की पैसे. सडला तर नाही."

"आउटकम-बेस्ड प्रायसिंग!" पीपीटीचे डोळे चमकले.

"उधारी मागतोय तो," मी म्हणालो. आख्ख्या चर्चेत माझं योगदान एवढंच.

"आणि उधारीवरून आठवलं," नाना सावकाश म्हणाला, तेव्हाच पीपीटीने पेपर तोंडासमोर धरला. "तुझा सोलर ड्रायर. कांद्याचे काप वाळवून एक्स्पोर्ट करणार होतास. सांगाडा, ट्रे, काच, सगळं मी केलं. पैसे?"

"ग्रँटचा दुसरा हप्ता अडकलाय, नाना. युटिलायझेशन सर्टिफिकेट..."

"दोन वर्षं हेच."

"पण तो तसाच ठेव, प्लीज. पायलट परत सुरू करायचाय."

"तो नाहीये."

पेपर खाली आला. "भंगारात काढलास?"

"काढणारच होतो. शेजारच्या पापड-कुरडयावाल्या काकू आल्या, म्हणाल्या गच्चीवर धूळ बसते, कावळे चोच मारतात, हा द्या. मार्चमध्ये नेला. मेमध्ये परत आल्या, अजून दोन पाहिजेत म्हणून. रोख दिले."

पीपीटी उभाच राहिला. "अरे, हे ट्रॅक्शन आहे! रिपीट कस्टमर! विदाउट सबसिडी! मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर त्यांना तू प्रेझेंटेशन दिलं असतंस, आणि त्या परत गच्चीवर गेल्या असत्या."

सरांना हसता हसता ठसका लागला. बंडू म्हणाला एक मला पण कर, कोंबड्या ठेवायला.

"पण डिझाइन माझं आहे," पीपीटी अजून तिथेच. "माझा हिस्सा?"

"जुन्या बिलात वळता केलाय," नाना उठत म्हणाला. "उरलेल्यात आजचे चहा तुझे."