पाच माकडं, ६५ टक्के आणि ‘मुकाट’ खान्देशी

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. शास्त्रज्ञांनी पिंजऱ्यात पाच माकडं ठेवली, शिडीवर केळी टांगली. एक वर चढलं की बाकीच्यांवर गार पाणी. मग चढणाऱ्यालाच बाकीचे बडवू लागले. पुढे एकेक करत सगळी माकडं बदलली, पाणी बंद झालं, तरी बडवणं चालूच. त्याखाली तात्पर्य: माणूसही असाच. मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅमच्या प्रयोगात ६५ टक्के लोकांनी हुकूम मिळताच जीवघेणा शॉक दिला, अॅशच्या प्रयोगात लोकांनी डोळ्यांना दिसतं तेच नाकारलं. आणि शेवटी इकडची खास भर: ‘खान्देशी माणूस तर मुळातच मुकाट.’

माकडांचं आधी उरकून टाकू. मेसेजमधला प्रयोग झालेलाच नाही. १९९४ साली गॅरी हॅमेल आणि सी. के. प्रल्हाद यांनी व्यवस्थापनावरच्या पुस्तकात ही गोष्ट दिली, तीही एका मित्राने सांगितली म्हणून. तिथे माकडं चार होती. पाचवं वाटेत कुठेतरी चढलं. त्याआधी १९६७ मध्ये स्टीफन्सन नावाच्या संशोधकाने ऱ्हीसस माकडांवर काम केलं होतं. ठरावीक वस्तूला हात लावला की हवेचा झोत बसायचा. मग त्या माकडासोबत एक नवखं माकड सोडायचे. एका नराने नवख्या जोडीदाराला त्या वस्तूपासून मागे ओढलं, एवढं खरं. पण शिडी, केळी, गार पाणी, पिढीजात मारझोड यातलं काहीच तिथे नव्हतं.

६५ टक्क्यांचा आकडा मात्र खरा आहे, आणि म्हणूनच तो जास्त दिशाभूल करतो. पलीकडच्या खोलीतल्या माणसाचं उत्तर चुकलं की त्याला दर वेळी वाढता विजेचा शॉक द्यायचा, असा हुकूम होता. येल विद्यापीठात १९६१ साली सुरू झालेल्या या प्रयोगात एका फेरीतल्या ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. शॉक खोटे होते, आतून कण्हणारा माणूसही सामील होता. पण मिलग्रॅम तिथे थांबला नाही, त्याने मांडणी पुन्हापुन्हा बदलली. हुकूम देणारा खोलीबाहेर जाऊन फोनवरून बोलू लागला तेव्हा शेवटपर्यंत जाणारे पाचातले जेमतेम एक उरले. काहींनी तर ‘हो, वाढवला’ असं फोनवर सांगून हळूच कमी व्होल्टचं बटण दाबलं. (साहेबाला फोनवर ‘निघालोच’ सांगून चहा मागवणाऱ्यांना हे वेगळं शिकवायला नको.) शेजारी बसलेल्या दोघांनी नकार दिला तेव्हा ४० पैकी चौघेच शेवटपर्यंत गेले. आणि हुकूम देणारे दोघे आपसात भांडले तेव्हा एकही नाही.

माणसं कचरली की त्यांना ठरलेली चार वाक्यं ऐकवली जायची. त्यातलं चौथं सरळ हुकमाचं होतं: तुम्हाला दुसरा पर्याय नाही, पुढे जावंच लागेल. जेरी बर्गरने हा प्रयोग सौम्य करून पुन्हा केला, २००९ मध्ये तो छापून आला. त्यात हे वाक्य ऐकल्यावर कोणीच पुढे गेलं नाही. ‘प्रयोगासाठी हे गरजेचं आहे’ म्हटलं की मात्र लोक पुढे जायचे. मला हे मेंढरांच्या कळपापेक्षा भीतीदायक वाटतं. दरडावलं की माणूस अडतो, चांगल्या कामाचं नाव घेतलं की चालू लागतो.

अॅशच्या रेषांचंही तसंच. दाखवलेल्या रेषेएवढी लांब रेष कोणती, एवढंच सांगायचं होतं. बाकीचे सगळे आधीच ठरवून चुकीची रेष सांगायचे, तेव्हा सुमारे एक तृतीयांश उत्तरं चुकली. म्हणजे दोन तृतीयांश बरोबर आली, आणि साधारण पावभाग लोक एकदाही वाकले नाहीत. बरोबर बोलणारा एकच सोबती मिळाला की चुका झपाट्याने घटायच्या. उत्तर कागदावर लिहायचं असलं तरी तेच. आपल्याकडे दारूचं दुकान बंद करायला बायकांचं गुप्त मतदान घेतात ते उगाच नाही. भरसभेत पदर सावरून गप्प बसलेली बाई पडद्याआड आडव्या बाटलीवर शिक्का मारते.

राहिला खान्देशी माणूस. बोर्डावर केळीचा एक भाव आणि व्यापाऱ्याच्या तोंडी दुसरा, तरी शेतकरी ‘जाऊ दे ना भो’ म्हणतो, हे मीही ऐकलंय. पण तयार माल थांबत नाही आणि दारात दुसरी गाडी नसते. याला स्वभाव कसं म्हणणार?

बाकी इथला इतिहास सगळ्यांच्या घराजवळचाच आहे. १९७० च्या दशकात शहाद्याच्या भिल्ल शेतमजुरांनी त्यांचे पुढारी अंबरसिंग महाराज यांच्यासोबत जमीनदारांना जाब विचारला. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारमध्ये शाळकरी शिरीषकुमार झेंडा घेऊन पोलिसांच्या बंदुकांपुढे उभा राहिला. आणि १८५२ मध्ये इंग्रजांची जमीन-मोजणी सुरू झाली तेव्हा याच केळीपट्ट्यात, यावल, सावदा, फैजपूरला, शेतकरी बिथरले. सारा वाढेल ही धास्ती होती. ते आवरायला सरकारला फौज धाडावी लागली. मुकाट माणसांसाठी कोणी फौज धाडतं का?