अरुशाला श्रेय जरा जास्तच दिलंय

१९९४ च्या तुत्सींच्या वंशसंहारानंतर रवांडात सलोखा आला तो संयुक्त राष्ट्रांनी त्यासाठी नेमलेल्या खास आंतरराष्ट्रीय न्यायालयामुळे, हा रवांडावरच्या लेखाचा सूर काही पटला नाही. न्यायालय बसलं शेजारच्या टांझानियात, अरुशाला. आरोपी ९३, आणि २०१५ अखेर कामकाज बंद. जिचं अख्खं घर कापलं गेलं तिला यातलं दिसणार काय? १९९४ मध्ये सुरक्षा परिषदेत या न्यायालयाच्या ठरावाविरुद्ध मत देणारा एकमेव देश खुद्द रवांडाच होता, हे लेखात यायला हवं होतं. अकायेसू या माजी महापौरावरच्या तिथल्या निकालाचं (१९९८) मोल मात्र मोठंच. बलात्कारही वंशसंहाराचं कृत्य ठरू शकतो, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तिथे पहिल्यांदा मान्य केलं.

खरा भार उचलला तो गावोगावच्या ‘गचाचा’ न्यायालयांनी. २०१२ पर्यंत १० लाखांहून जास्त प्रकरणं! वकील नाहीत, न्याय देणारे गावातलेच, त्यामुळे खोट्या साक्षी आणि जुनी उणीदुणी आलीच. तरी आपल्या माणसाला कुठे पुरलं, हे कित्येकांना तिथेच कळलं.

आणि तेव्हा तुत्सींच्या नेतृत्वाखालची बंडखोर संघटना असलेल्या, आता सत्तेत असलेल्या आरपीएफच्या (रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंट) सैनिकांनी त्या काळात केलेल्या हत्या? अरुशात त्यांच्यावर एकही खटला चालला नाही, गचाचातही तो विषय वर्ज्यच होता. सलोख्यावर एवढं लिहिताना लेखकाने यावर एक ओळही खर्च करू नये?